साठ मोहरा आणि मूठभर लाह्या

एका राज्यात, रंगाऱ्यांच्या आळीत, विहिरीवर दोन बायका पाणी भरत होत्या. एक दुसरीला म्हणाली, “गोजरेला म्हणे बोलक्या पारव्यानं काळा हंडा दाखवला, आणि त्या हंड्यात…” तेवढ्यात दुसरीची कळशी निसटून विहिरीत पडली. दोघी गळ आणायला धावल्या आणि वाक्य काठावरच राहिलं.

अर्धं वाक्य फार वाईट. ज्याला सापडेल तो ते आपल्या परीनं पुरं करतो. कोणी म्हणालं, हंड्यात सात पिढ्यांचं पुरलेलं धन होतं. कोणी म्हणालं, धनावर नाग होता आणि गोजरेनं त्याला दूध पाजून वश केलं. दिवस कलेपर्यंत त्या नागाला तीन फणे फुटले होते.

गोजरेच्या आणि आमच्या घरांमध्ये एकच भिंत, तीही कुडाची. मी काही कान लावून बसत नाही, पण कुडाला कान लावावाच लागत नाही. म्हणून जसं झालं तसं सांगते.

त्या राज्याचा राजा उदारकेतू सात वर्षांपूर्वी शिकारीला गेला तो परतला नव्हता. प्रधानजी रोज दरबार भरवीत, रिकाम्या सिंहासनाला मुजरा करीत आणि “महाराज आज-उद्या येतीलच” असं सांगून दरबार उठवीत. राज्याच्या उत्तरेला टेकडी होती. टेकडीवर गाठेश्वर मांत्रिकाचा महाल होता. ज्याला पैसा हवा त्याला तो देई. साक्षीदार नको, कागद नको. माणसाकडची एकच गोष्ट तो काढून घेई, जिला वजन नाही अशी, आणि आपल्या लांब दोरखंडात गाठ मारून ठेवी. कोणाची झोप, कोणाचं हसू, कोणा गवयाचा पंचम. मुदतीत पैसे फिटले तर गाठ सुटे. नाही फिटले तर कर्जदाराचा राखी पारवा होई आणि महालाच्या वळचणीला जाऊन बसे. वळचणीला आता दाटीवाटी झाली होती.

गोजरा राजाच्या घरची पागोटी रंगवी. मंजिष्ठेच्या मुळांचा लाल असा उठवी की पागोटं डोक्यावर ठेवलं की माणूस आपोआप ताठ चाले. नवरा रायबा कढईखाली जाळ घाली आणि पाणी वाही. दोघांचं पोटापुरतं बरं चाललं होतं. मग नणंदेचं, कृष्णीचं लग्न निघालं. व्याह्यांनी काही मागितलं नव्हतं. पण गोजरेच्या मनानं घेतलं, चार लोकांत शोभलं पाहिजे. पाच पक्वान्नं झाली, सात गावची वाजंत्री झाली, वरातीला भाड्याचा हत्ती झाला. जेवून उठलेले लोक म्हणाले, मठ्ठा आंबट होता. मीही म्हणाले. होताच तो आंबट.

त्या हत्तीपायी गोजरा टेकडी चढली. गाठेश्वरानं तिला साठ मोहरा काळ्या हंड्यात घालून दिल्या आणि तिच्या डोळ्यांतले रंग काढून घेऊन दोरात गाठ मारली.

“मुदत तीन दसऱ्यांची,” तो म्हणाला. “दर दसऱ्याला वीस मोहरा, याच हंड्यातून. पहिल्या वीस न खर्चलेल्या पैशांच्या. दुसऱ्या वीस कोणालाच नको असलेल्या वस्तूच्या. तिसऱ्या वीस तुझ्याकडे जे नाही त्याच्या.”

“तिसरं समजलं नाही,” गोजरा म्हणाली.

“न समजता हो म्हणणारी तू पहिली नव्हेस.”

आणि ती हो म्हणाली.

घरी आली तर हळद राखेसारखी, नीळ राखेसारखी, कपाळीचं कुंकूही राखेसारखं. आता पागोटं कढईत बुडवायचं तर रायबा शेजारी उभा राहून सांगे, थांब, अजून गुलाबीच आहे. काढ, आता लाल झालं. एकदा त्याला शिंका लागल्या आणि प्रधानजींचं पागोटं पोपटी निघालं. आळीत दोघांनी अवाक्षर काढलं नाही. लग्न साठवलेल्या पैशात केलं, असं सांगितलं. कुडाच्या भिंतीपलीकडे मला मात्र नुसते उसासे ऐकू येत.

पहिल्या वर्षी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत गोजरेनं काटकसर केली. एक पैसा वाचला की हंड्यात. हंडा चांगला चौथाई भरत आला होता. मग संक्रांत आली. गोजरा दरसाल हळदीकुंकवाला पितळेच्या वाट्यांचं वाण वाटी. यंदा वाटलं नाही तर बायका काय म्हणतील? कोणाला संशय आला तर? तिनं हंड्यात हात घातला, आणि आळीतल्या सगळ्या बायकांना वाट्या गेल्या. माझ्याकडेही एक आली. मी तिला नावं ठेवली, पत्रा पातळ म्हणून.

दुसऱ्या दिवशी गोजरेनं हंडा उघडला तर आत ओली वाळू. न खर्चलेल्या पैशातला पैसा खर्चला की उरलेल्याची वाळू होते. तो त्या हंड्याचा नियमच होता.

पागोटी वाळवायच्या माळावर बांबूंच्या मांडवाखाली ती जाऊन बसली. बांबूवर एक पारवा बसला होता. तो म्हणाला, “बाई, वर्ष अजून सरलं नाही.”

“आपण कोण?”

“या राज्याचा राजा. चाळीस हत्तींच्या मिरवणुकीसाठी मी कर्ज काढलं. ते फेडायला दुसरं कर्ज काढलं.”

गोजरेनं पदर सावरून मुजरा केला. राजा पारवा झाला म्हणून काय झालं, रीत ती रीत. मग तिनं विचारलं, “महाराज, मी काय करू?”

पारवा मान हलवीत म्हणाला, “कर्ज लपवायला जो पैसा जातो, तो आधी थांबव.”

ती उठली आणि तडक माझ्याकडे आली. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, “आक्का, आमच्यावर साठ मोहरांचं कर्ज आहे. आजपासून आमच्याकडून वाण नाही, आहेर नाही. तुम्ही राग धरू नका.”

मला अर्धं ठाऊकच होतं, पण ते सांगायची सोय नव्हती. मी तिला गूळपाणी दिलं. आळीत सांगायचं काम माझ्याकडे आलं आणि ते मी मन लावून केलं. त्यात एक निराळंच घडलं. तेलीणबाई ऐकता ऐकता चूल सारवायची थांबली आणि म्हणाली, आपली झोपही टेकडीवरच आहे. कासाराच्या सुनेनं डोळे पुसले. तिच्या सासऱ्याचं हसू तिथं होतं. सतरा घरांतल्या पाच घरांची काही ना काही गाठ त्या दोरात होती, आणि सगळे एकमेकांना वाट्या वाटीत होते.

त्यानंतर गोजरेचं काम सोपं झालं. सोपं म्हणजे, लाजेचं ओझं उतरलं एवढंच. पोटाला चिमटा होताच. पान खायचं सोडलं, समईत दोन वातींची एक केली, कासार आला की हात मागं घेतले. वाचलेला पैसा त्याच दिवशी हंड्यात टाकायचा आणि टाकताना तो कशाचा ते बोलून दाखवायचं. न बोलता टाकला तर हंडा तो परत बाहेर फेकी. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू येई, “हा जत्रेतल्या पाळण्याचा, ज्यात मी बसले नाही. हा रायबाच्या तंबाखूचा.” आणि मग रायबाचा आवाज, “माझ्या तंबाखूचा पैसा तू का टाकतेस? मला टाकू दे. सोडली मी आहे.”

भाद्रपद सरता सरता वीस मोहरा भरल्या. दसऱ्याला गाठेश्वरानं त्या ओतून मोजल्या, दाताखाली धरून पाहिल्या आणि तोंड वाकडं करून हंडा परत दिला.

दुसरं वर्ष. कोणालाच नको असलेली वस्तू.

राजवाड्यात दर पागोट्याची टोकं कापून वीतभर चिंधी फेकून देत. कोठीच्या मागं चिंध्यांचा डोंगर झाला होता आणि त्यात उंदीर व्याले होते. गोजरेनं प्रधानजींना विनंती केली, हा डोंगर मला द्यावा. प्रधानजी म्हणाले, “घेऊन जा. उंदीरही घेऊन जा.”

सुगीनंतरच्या मोकळ्या दुपारी ती चिंध्या जोडून गोधड्या शिवू लागली. रंग दिसत नव्हते, तेव्हा हाताला जी चिंधी लागेल ती. जांभळ्याला पोपटी, भगव्याला डाळिंबी. पाहवत नव्हतं असं ते दृश्य. पण ज्याच्या पागोट्याची चिंधी, त्याचं स्वप्न त्या गोधडीत उतरे. सेनापतीच्या चिंध्यांची गोधडी शिंप्यानं घेतली आणि सकाळी उठून तो आरशात मिशा पिळू लागला. प्रधानजींची गोधडी एका भांडखोर सासूनं घेतली. तिनं झोपेत इतके तंटे मिटवले की उठल्यावर भांडायला जीव उरला नाही. तिच्या सुनेनं दुसरी आगाऊ सांगून ठेवली. गोधड्या पुरेनात. कृष्णी सासरहून येऊन टाके घालू लागली. येताना म्हणाली, “वहिनी, तो हत्ती मला नकोच होता. मला त्याची भीती वाटत होती.” गोजरेनं सुई खाली ठेवली, आणि मग दोघी पोट धरून हसल्या.

दुसऱ्या दसऱ्यालाही वीस मोहरा पोचल्या.

राहिलं तिसरं. जे आपल्याकडे नाही, ते विकायचं कसं? गोजरेनं पारव्याला विचारलं. तो म्हणाला, “त्याचं उत्तर मलाही आलं नाही. म्हणून तर मी बांबूवर बसतो.”

चैत्र गेला, वैशाख गेला. हंडा रिकामा. रायबा पुन्हा पुन्हा वळचणीकडे बघून येई आणि आल्यावर जेवत नसे. एकदा भिंतीपलीकडे तो तिला विचारीत होता, पारवा झालीस तर मी दाणे टाकले तर ओळखशील का? मी माझी चूल विझवली आणि तशीच निजले.

ज्येष्ठाच्या बाजारात कृष्णीनं एक शालू निवडला. दुकानदार परमुलखातला, बोलण्यात मध. शालूचा रंग असा लखलखत होता की बायका डोळ्यांवर हात धरून बघत होत्या. गोजरा म्हणाली, “गोणपाट कशाला घेतेस ग?”

सगळ्या हसल्या. आमची रंगारीण आंधळी झाली, असं एक म्हणाली. गोजरेनं पाणपोईतलं ओंजळभर पाणी आणून शालूवर टाकलं. लखलखाट ओघळून मातीत गेला आणि कृष्णीच्या हातात खरंच गोणपाट राहिलं. दुकानदारानं रंगाची भूल घातली होती. गोजरेला रंगच दिसत नव्हता, तेव्हा तिला भूल पडणार कुठून? तिला सूत दिसे, वीण दिसे, आणि जे असेल तेवढंच दिसे.

त्या दिवसापासून बाजाराच्या तोंडाशी गोजरा पाट टाकून बसू लागली. एक पैसा द्या, कापड दाखवा, खरं-खोटं ऐका. बायका रांग लावत. दूरच्या गावच्याही येत. परमुलखातले दुकानदार एका दुपारी तिच्याकडे थैली घेऊन आले.

“यात पन्नास मोहरा आहेत,” ते म्हणाले. “उद्यापासून घरी बैस.”

तिला हव्या होत्या फक्त वीस. मी पाटाच्या मागंच बसले होते. खरं सांगते, मी मनात म्हणाले, घे बाई. गोजरेचा हात थैलीपर्यंत गेलाही होता. मग ती सावकाश म्हणाली, “या माझं तोंड बंद ठेवण्याच्या मोहरा झाल्या. तोंड माझ्याकडे आहे. मला जे नाही त्याच्या हव्यात.” आणि थैली सरकवून दिली.

तिसऱ्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी विसावी मोहर पुरी झाली.

सकाळी ती टेकडी चढली. सोबत म्हणून मीही गेले. घरात बसून काय करणार होते? गाठेश्वर दारातच बसला होता. त्यानं हंडा ओतला, मोहरा दोनदा मोजल्या, तिसऱ्यांदा मोजल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही.

“फिटलं,” तो म्हणाला. “माझा हंडा परत कर, मग तुझी गाठ सोडतो.”

गोजरेनं रिकामा हंडा उचलला. आता आपल्याकडची रीत अशी की कोणाचं भांडं आलं तर ते रिकामं परत जात नाही. शेजारणीची वाटी असो की सोयऱ्याचं पातेलं, काही नाही तर साखरेची चिमूट तरी टाकायची. गोजरेनं पदराची गाठ सोडली, वाटेत खायला बांधलेल्या मूठभर लाह्या हंड्यात टाकल्या आणि हंडा त्याच्या पुढे ठेवला.

गाठेश्वरानं आयुष्यात आलेली वस्तू कधी परत केली नव्हती. त्यानं लाह्या मुठीत घेतल्या आणि तोंडात टाकल्या.

त्याबरोबर भिंतीवरच्या दोरखंडाचं टोक हललं आणि आपोआप एक नवी गाठ पडली. त्या गाठीत गाठेश्वराची सगळी विद्या होती. वळचणीवरून राजा पारवा म्हणाला, “गाठेश्वरा, तू देण्याहून मूठभर जास्त घेतलंस. तू या बाईचा देणेकरी झालास. दिवस मावळेपर्यंत फेड, नाहीतर आमच्याशेजारी जागा करून देतो.”

गाठेश्वरानं एक मोहर तिच्यापुढे टाकली. मोहर घरंगळत आपल्या मूळ मालकाच्या गावाकडे निघाली. त्यानं शेला काढून दिला. शेला एका सराफाचा होता, तो उडाला. गालिचे, समया, पलंग, सगळं दुसऱ्यांचं. महालात त्याचं स्वतःचं असं मूठभर काहीच निघालं नाही. तो उंबऱ्यावर बसला. म्हातारा दिसू लागला.

“बाई,” तो म्हणाला, “माझ्याकडे द्यायला काही नाही.”

“हात आहेत ना?” गोजरा म्हणाली. “बसा, आणि या गाठी सोडा. तुमची मजुरी लाह्यांत वळती करते.”

तो बसला. विद्या नव्हती, तेव्हा नखांनीच सोडाव्या लागल्या. एकेक गाठ सुटे आणि ज्याचं जे ते त्याच्याकडे जाई. झोप सुटली तशी खाली आळीत तेलीणबाई घाण्याशेजारी बसल्या बसल्या घोरू लागली. हसू सुटलं. पंचम सुटला आणि टेकडीखालचा गवई रस्त्यातच उभा राहून गायला लागला. वळचणीवरून पारवे खाली उतरत आणि माणसं होऊन पाय चाचपून बघत. मधे मधे गाठेश्वर बोटं झाडी. गोजरेनं त्याला पाणी दिलं. ऊन कललं तेव्हा राजा उदारकेतू अंगावरची पिसं झाडीत समोर उभा होता, आणि आम्ही सगळ्यांनी मुजरा केला.

शेवटून दुसरी गाठ गोजरेच्या रंगांची, शेवटची गाठेश्वराची. ती सुटली तेव्हा त्यानं असा काही श्वास सोडला की मला वाटलं, या माणसानंच सगळ्यांत मोठं ओझं वाहिलं होतं. विद्या त्याला परत मिळाली. पण तो दोर इतका सरळ झाला होता की त्यावर पुन्हा गाठ बसेना. आता तो आमच्या आळीत गुंतलेल्या सुताच्या लडी सोडवून देतो. लडीला एक पैसा. काम चोख करतो, बोलतो कमी.

राजा सिंहासनावर बसला. पहिला हुकूम निघाला की मिरवणुकीला दोनच हत्ती, तेही घरचे. प्रधानजी त्या दिवशी दरबारातच रडले.

आणि गोजरा? टेकडी उतरताना ती मधेच थांबली. झेंडूचं शेत होतं. तिनं एका फुलाला बोट लावून पाहिलं. मग ती रस्ताभर एकेका गोष्टीचं नाव घेत आली, पिवळा, हिरवा, तांबडी माती, आक्का तुमच्या लुगड्याचे काठ. आळीत शिरलो तर दारादारांतून गोधड्या उन्हात घातलेल्या. ती खिळून उभी राहिली.

“आक्का, या मी शिवल्या?”

“तूच.”

“जांभळ्याला पोपटी?”

“तूच ग.”

“आणि एवढ्या दिवसांत कोणी मला बोललं नाही?”

मी म्हणाले, तुझं कर्ज फिटायचं होतं, म्हणून आम्ही डोळे मिटून घेतले. रायबा कढईशेजारून धावत आला होता. गोजरेनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तुम्ही फार काळवंडलात. तो म्हणाला, तीन वर्षं झाली काळवंडून. त्या दिवशी भिंतीपलीकडून उसासा आला नाही. भांड्यांचा आवाज आला, मग रायबाचं वेडंवाकडं गाणं आलं, आणि मीही निवांत जेवले.

लोक आता म्हणतात, गोजरेनं लाह्यांची युक्ती करून मांत्रिकाला फसवलं. मी तिला सरळच विचारलं. ती म्हणाली, “युक्ती कसली? रिकामं भांडं द्यायला लाज वाटली. हात गेला.”

विहिरीवरच्या त्या दोघी परवा भेटल्या, तेव्हा मीच त्यांचं वाक्य पुरं केलं. पारवा खरा. बोलायचा तेही खरं. काळा हंडा खरा. पण तो पारव्यानं दाखवला नाही, मांत्रिकानंच दिला, आणि त्यात पुरलेलं धन नव्हतं, गोजरेनं पैसा-पैसा करून टाकलेलं होतं तेवढंच. दोघींनी ऐकून घेतलं. मग एक जण दोर ओढता ओढता, जरा हिरमुसून म्हणाली, “पण आक्का, एखादा साधा नाग तरी असेलच ना?”

मी म्हणाले, असेल बाई. एक फण्याचा. त्यांचं समाधान झालं, माझी कळशी भरली, आणि आम्ही आपापल्या घरी गेलो.